सोयापेंड, मका कंटेनरने पाठवताना: हवा सांभाळा, माल वाचवा

धाराशिव जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. तेल काढल्यावर उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, कोंबडी व पशुखाद्यासाठी परदेशात जाते. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणून काही खरेदीदार इथल्या पेंडीला पसंती देतात. हा माल, तसेच मका, रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनरने पाठवता येतो. तुमची शेतकरी उत्पादक कंपनी निर्यातदाराला माल देणार असेल, तर पुढील बाबी समजून घ्या.

कंटेनर कोणता?
धान्य जड असते. त्यामुळे सहसा 20 फुटी कंटेनर घेतात. त्यात सुमारे 33 घनमीटर जागा असते आणि मका साधारण 24 ते 25 टन बसतो. पेंड हलकी असल्याने तिचे वजन कमी भरते. 40 फुटी कंटेनरमध्ये जागा दुप्पट मिळते, पण वजनाची मर्यादा दुप्पट होत नाही.

खरा धोका पाण्याचा
अडतीवर आपण ज्याला 'हवा' म्हणतो, तो दाण्यातील ओलावा इथे महत्त्वाचा. 25 टन मक्यात 14 टक्के हवा असेल, तर आत 3,500 किलो पाणी असते. 12 टक्के असेल, तर 3,000 किलो. दिवसा उन्हाने पत्रा तापतो, दाण्यातील ओल हवेत येते. रात्री पत्रा गार होतो आणि तीच ओल छतावर थेंब धरून मालावर ठिबकते. कंटेनर कित्येक दिवस बंद असतो. वरच्या पोत्यांना बुरशी लागली, की पूर्ण माल नाकारला जाऊ शकतो.

बुरशीतून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. ते जनावराच्या पोटात गेले की दुधातही उतरते. म्हणूनच युरोपीय संघाने पशुखाद्याच्या कच्च्या मालात अफलाटॉक्सिन बी1 ची कमाल मर्यादा किलोला 0.02 मिलिग्रॅम ठेवली आहे. एकदा विष तयार झाले, की माल पुन्हा वाळवून ते जात नाही.

भरण्यापूर्वी
- ढिगाच्या वरून, मधून व तळातून नमुने घ्या. मॉइश्चर मीटरने हवा तपासा. सरासरीवर समाधान मानू नका. एक ओला ढीग बाकीचा माल बिघडवतो.
- कंटेनरमध्ये उभे राहून दारे बंद करून घ्या. कुठूनही उजेड दिसला, तर तिथून पाणीही येईल. ही तपासणी करताना एक माणूस बाहेर हवाच.
- तळाच्या फळ्या कोरड्या असाव्यात. रसायनाचा वा आंबूस वास येत असेल, तर कंटेनर परत करा.
- भिंतींना क्राफ्ट पेपर लावा, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा.
- पाऊस सुरू असताना भरू नका.
- धुरीकरण अधिकृत संस्थेकडूनच करून घ्या. तो वायू प्राणघातक आहे. धुरी दिलेल्या कंटेनरमध्ये पुरेशी हवा खेळल्याशिवाय कोणी शिरू नये.

कागदपत्रे
निर्यातदाराकडे आयात-निर्यात संकेतांक लागतो. खरेदीदार देशाच्या अटीप्रमाणे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र व धुरीकरणाचा दाखला जोडावा लागतो. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही.

सौदा करण्यापूर्वी निर्यात धोरण पाहा. मे 2022 मध्ये गव्हाच्या आणि जुलै 2023 मध्ये तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी आली होती. हवा किती, माती-काडीकचरा किती आणि माल नाकारला गेला तर तोटा कोणाचा, हे करारात लिहून घ्या.

सुरुवात खळ्यावर
सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस हमखास गाठतो. भिजलेले सोयाबीन वेगळे ठेवा, चांगल्यात मिसळू नका. ताडपत्रीवर वाळवूनच पोती भरा. माल परदेशी जावो वा गावच्या गोठ्यात, कोरडा दाणाच टिकतो.