बेलपाड्याहून टोकियोला : भाड्याच्या घराचे गणित

बेलापूर-पेंधर मार्गावर १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मेट्रो धावू लागली आणि बेलपाडा हे नाव स्थानकाच्या फलकावर आले. सिडकोने खारघर वसवले, त्याच्या कितीतरी आधीपासूनचे हे गाव. आज त्याच्या आसपास भाड्याचे घर शोधणाऱ्यांची सतत ये-जा असते. त्यात ‘निफ्ट’चे विद्यार्थी असतात, ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये उपचारांसाठी आलेल्या कर्करुग्णांचे नातेवाईक असतात आणि नोकरीनिमित्त प्रथमच या भागात आलेले तरुणही असतात. इस्टेट एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. कुटुंब आहे की बॅचलर? नोकरी कुठे? ओळखीचे कोण?

याच खारघर-पनवेल पट्ट्यातला एखादा तरुण नोकरीसाठी टोकियोला जातो, तेव्हा हेच प्रश्न त्याला अधिक कठोर स्वरूपात विचारले जातात. भारत आणि जपान यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मनुष्यबळ देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल व्यक्ती जपानला जाव्यात, असे त्यात अपेक्षित आहे. व्हिसा आणि भाषा यांची तयारी सगळेच करतात. घराचा विचार मात्र बहुतेक जण विमानतळावर उतरल्यानंतर करतात आणि तिथेच पहिला फटका बसतो.

दारातच अडवणूक का?

जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची एक पाहणी करून २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाला होता. जपानी हमीदार नसल्यामुळे नकार मिळालेल्यांचे प्रमाण ४१.२ टक्के होते. ‘परदेशी नकोत’ अशी सूचना पाहून २६.८ टक्के लोकांनी त्या घराचा नादच सोडला होता.

यामागे परक्यांविषयीचा संशय आहे, हे नाकारता येणार नाही. पण कायद्याचाही त्यात वाटा आहे. युद्धकाळात, १९४१ साली, जपानने भाडेकरूंना संरक्षण देणारी दुरुस्ती केली. सबळ कारण असल्याखेरीज घरमालकाला करार संपवता येत नाही, हे तत्त्व आजच्या कायद्यातही कायम आहे. एकदा आत आलेला भाडेकरू सहजी बाहेर काढता येत नसल्याने मालक दारातच कसून पारख करतो.

मुंबईकरांना हे तर्कशास्त्र नवे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले आणि पुढे पागडीची प्रथा फोफावली. त्यातून वाट काढण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ रूढ झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणूनच आपल्याकडे अनोळखी माणसालाही अकरा महिन्यांसाठी घर देण्यास मालक तयार होतो. जपानमध्येही २००० पासून ठरावीक मुदतीचा करार करता येतो. तो मुदतीअंती आपोआप संपतो. नूतनीकरणाचा हक्क राहत नाही. आपला करार यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे सहीपूर्वी विचारून घ्यावे.

पहिल्या दिवसाचा खर्च

आपल्याकडे डिपॉझिट आणि दलाली दिली की किल्ली मिळते. जपानमधील यादी लांबलचक असते. ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत. ती हिशेब होऊन परत मिळते. ‘रेइकिन’ म्हणजे मालकाला कृतज्ञतेपोटी दिलेली रक्कम. ती कधीच परत मिळत नाही. या दोन शब्दांतील गल्लत महागात पडते. दलालीची कायदेशीर कमाल मर्यादा एका महिन्याचे भाडे अधिक उपभोग कर अशी आहे. याशिवाय हमी कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च असतो.

उदाहरणादाखल ८० हजार येन भाड्याचे घर घेऊ. अनामत ८० हजार, रेइकिन ८० हजार, दलाली करासह ८८ हजार, हमी कंपनीचे शुल्क निम्म्या भाड्याइतके म्हणजे ४० हजार, आगाऊ भाडे ८० हजार, विमा आणि कुलूप मिळून ४० हजार. एकूण ४ लाख ८ हजार येन, म्हणजे पाच महिन्यांच्या भाड्याहून अधिक. त्यात घर बहुधा रिकामे मिळते. पडदे, गॅसची शेगडी, कधी कधी छतावरचे दिवेसुद्धा स्वतः आणावे लागतात. टोकियो परिसरात दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी साधारण एका महिन्याचे भाडे देण्याची पद्धत आहे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सर्वसाधारणपणे वैध ठरवली.

हमीदार कुठून आणायचा?

नवख्या माणसाला जपानी हमीदार मिळणे दुरापास्त असते. त्यासाठी चार मार्ग आहेत. पहिला, नोकरी देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावे घर घेणे. हा सर्वांत सोपा मार्ग असल्याने नियुक्तीपत्रावर सही करण्यापूर्वीच त्याविषयी विचारणा करावी. दुसरा, हमी कंपनीचा. तिसरा, विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचे वसतिगृह किंवा काही काळ सामायिक घर. चौथा मार्ग ‘यूआर’ या सार्वजनिक संस्थेच्या घरांचा. तेथे रेइकिन, दलाली, नूतनीकरण शुल्क आणि हमीदार यांपैकी काहीही लागत नाही; मात्र निवासाचा योग्य दर्जा आणि उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते.

टोकियोच्या एदोगावा भागातील निशी-कासाई येथे भारतीयांची वस्ती का वाढली, याचे उत्तर अंशतः याच अडचणीत आहे. २००० च्या सुमारास संगणक अभियंत्यांची मोठी फळी जपानला गेली, तेव्हा त्यांना घरे मिळेनात. तेथे आधीपासून स्थायिक असलेले व्यापारी जगमोहन चंद्रानी यांनी त्यांना घरे मिळवून देण्यास मदत केली. यूआरच्या इमारतींमुळे पुढच्यांची वाट सोपी झाली. याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहात २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले.

करारानंतरची जबाबदारी

करारापूर्वी परवानाधारक तज्ज्ञाने घराविषयीच्या महत्त्वाच्या बाबी समजावून सांगणे जपानमध्ये बंधनकारक आहे. भाषा येत नसेल तर दुभाषा सोबत न्यावा. मान डोलावून सही करू नये. नव्या घरी गेल्यापासून १४ दिवसांत पालिका कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. करारात नाव नसलेली व्यक्ती मालकाच्या संमतीशिवाय घरात राहू शकत नाही. त्यामुळे पत्नी किंवा आई-वडील काही महिन्यांसाठी येणार असतील, तर आधी कळवावे.

अनामतीवरून सर्वाधिक वाद घर सोडताना होतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेनुसार नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूकडून वसूल करता येत नाही. उन्हाने विटलेला भिंतीचा कागद किंवा कपाटाखाली दबलेली जमीन यांचा भार मालकावर पडतो. साफसफाईअभावी स्वयंपाकघरात साचलेले तेलाचे थर मात्र भाडेकरूच्या माथी येतात. रोज फोडणी देणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. राहायला जाण्याच्या दिवशीच प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

नेमके हेच बेलपाड्यात घर घेणाऱ्यालाही लागू पडते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा गैरसमज आपल्याकडे अजून टिकून आहे. महाराष्ट्रात कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. टोकियोत आपल्या मुलाला नकार मिळाला, तर आपल्याला वाईट वाटते. आपल्या सोसायटीच्या दाराशी उभ्या असलेल्या परगावच्या मुलाचे आई-वडीलही कुठेतरी असेच काळजीत असतात. कागदपत्रे जरूर तपासावीत. पण नकाराचे कारण कागदातच असावे, आडनावात किंवा गावात नव्हे.