चंचल मूल, अंगाचे झटके आणि एक जुनी भीति

बारामती-इंदापूरकडील एखाद्या प्राथमिक शाळेंत गुरुजींच्या नजरेस असा मुलगा पडतो कीं, त्याला पांच मिनिटें स्थिर बसवत नाहीं. अर्धें गणित टाकून तो खिडकीबाहेरचे उसाचे ट्रॅक्टर मोजूं लागतो. शिवाय क्षणोक्षणीं डोळे मिचकावतो, खांदा उडवितो, घसा खाकरतो. गुरुजी त्यास चेष्टेखोर समजतात. घरीं आजी दृष्ट काढते. वास्तविक अशा मुलांत पुष्कळदां दोन निराळे विकार एकत्र नांदत असतात. एक अवधानाच्या न्यूनतेचा व अतिचंचलतेचा, दुसरा अनैच्छिक झटक्यांचा. ह्या झटक्यांस डॉक्टर 'टिक' म्हणतात. हालचालीचे अनेक झटके आणि निदान एक आवाजाचा झटका वर्षाहून अधिक काळ राहिल्यास त्यास टुरेटचा विकार म्हणतात. फ्रेंच वैद्य जॉर्ज झील द ला टुरेट यांनीं १८८५ मध्यें अशा नऊ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यावरून हें नांव पडलें. ह्या विकाराच्या सुमारें निम्म्या मुलांत अवधानाचा दोषहि आढळतो.

चंचलतेवर दिलें जाणारें औषध गुंगी आणणारें नसून उत्तेजक आहे, हें ऐकून कोणासहि नवल वाटेल. १९३७ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड येथें डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं बेंझेड्रिन नांवाचें उत्तेजक मुलांस दिलें, तेव्हां कित्येकांचें अभ्यासांत लक्ष लागूं लागलें. हल्लीं प्रचारांत असलेलें मेथिलफेनिडेट १९४४ मध्यें स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनींत तयार झालें. मनास आवर घालणारा मेंदूचा जो भाग, त्यालाच तें जागें करतें. घोड्यास चाबूक नव्हे, स्वाराच्या हातीं लगाम मिळतो.

परंतु १९७० नंतर, हें औषध चालू असतां कांहीं मुलांत झटके दिसूं लागल्याचीं वृत्तें वैद्यकीय नियतकालिकांत आलीं, आणि झटके असलेल्या मुलास तें देऊं नये असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकांत छापला जाऊं लागला. ही भीति अजून पुरती गेलेली नाहीं. सोमवारीं गोळी सुरू झाली, गुरुवारीं मूल डोळे मिचकावूं लागलें. बापानें गोळीवर ठपका ठेवला तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र झटके बहुधा पांचव्या ते सातव्या वर्षीं प्रकट होतात, आणि चंचलतेसाठीं औषध सुरू होतें तेंहि त्याच सुमारास. शिवाय झटके मुळांतच उजनीच्या पाण्यासारखे चढतात व उतरतात. त्यांस गोळीचें निमित्त लागतेंच असें नाहीं.

ह्याची कसोटी अमेरिकेंत घेतली गेली. दोन्हीं विकार असलेल्या १३६ मुलांवरील हा प्रयोग २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २० जणांचे झटके वाढल्याची नोंद झाली. पण औषध नसलेली, केवळ दिसावयास सारखी गोळी घेणाऱ्यांतहि तें प्रमाण शेंकडा २२ होतें! मेथिलफेनिडेट व क्लोनिडिन दोन्हीं घेणाऱ्या मुलांस सर्वांत अधिक गुण आला. २०१५ मध्यें २२ प्रयोगांचा एकत्र विचार झाला, त्यांतहि उत्तेजकानें झटके वाढतात असें दिसलें नाहीं. एखाद्या मुलास त्रास होणारच नाहीं असा ह्याचा अर्थ नव्हे. तसें झाल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात, किंवा क्लोनिडिन अथवा ॲटोमॉक्सेटिन योजतात. भूक मंदावणें व झोंप उडणें हे दोष मात्र नेहमींचे. म्हणून गोळीपूर्वीं पोटभर न्याहारी द्यावी, आणि वजन, उंची व नाडी तपासून घ्यावी.

खरी अडचण वेगळीच आहे. मेथिलफेनिडेट कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टांत असल्यामुळें विशेष परवाना असलेल्या दुकानींच तें विकतां येतें. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानदारास दोन वर्षें जपावी लागते. त्यासाठीं पुण्याची खेप पडली, तर इंदापूरकराचा सबंध दिवस मोडतो. इतक्या सायासानें आणलेली गोळी चार झटके पाहून परस्पर बंद होते, आणि मुलाचें शाळेचें वर्ष वायां जातें. त्यापेक्षां झटका कोणता, दिवसांतून केव्हां व किती वेळां येतो हें वहींत टिपून, शक्य तर गोळीपूर्वींच्या दोन आठवड्यांपासून टिपून, ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक शाळेंत येतें, तेव्हां असें मूल त्यांस अवश्य दाखवावें. बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि झालें आहे. तेथें विचारणा करावी. आणि वर्गांत "खांदा उडवूं नकोस" असें गुरुजींनीं ओरडूं नये. मूल झटका घटकाभर दाबूं शकतें, पण तेवढा वेळ त्याचें सारें लक्ष खांद्यावर राहतें, फळ्यावर नव्हे.