बर्फ, बंब आणि बिनपगारी फौज

आग लागली की फोन करायचा आणि घंटा वाजवीत महापालिकेचा बंब यायचा, हे चित्र मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. अमेरिकेत मोठ्या शहरांबाहेर पडले की ते बदलते. तेथे बंब घेऊन येणारा माणूस बहुधा शेजारीच असतो. एरवी तो गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करतो किंवा शाळेत शिकवतो. कमरेचा पेजर वाजला की हातातले काम टाकून धावतो. या धावण्याचा पगार नसतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली, तेव्हापासूनची ही परंपरा. २०२० च्या अंदाजानुसार देशातील सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक होते.

या बिनपगारी फौजेची कसोटी हिवाळ्यात लागते आणि ती पाहायची तर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराकाठी बफेलो शहराच्या आसपासच्या गावांत. सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून गोठवणारे वारे वाहू लागले की बाष्प उचलून ते काठावर हिमाच्या रूपात टाकतात, तेही एका अरुंद पट्ट्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील काही गावांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचले. शहराच्या उत्तर भागात मात्र जेमतेम काही इंच पडले होते.

अशा वेळी पहिली अडचण आगीची नसते, घरातून बाहेर पडण्याची असते. मोटार बर्फाखाली, अंगणातली वाट बुजलेली. आधी फावडे, मग पेजरला उत्तर. स्वयंसेवकाच्या खासगी गाडीवर निळा दिवा असतो. पण न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार तो केवळ विनंतीवजा असतो, त्याने वाहतुकीचे नियम मोडण्याची मुभा मिळत नाही. म्हणून वादळाचा इशारा मिळाला की अनेक ठाण्यांत काही जण आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात. खाटा मांडल्या जातात, कोणी मोठ्या पातेल्यात राजमा-खिम्याचे तिखट ‘चिली’ शिजवायला ठेवतो आणि ते बिघडल्याबद्दल पुढची कित्येक वर्षे त्याची थट्टा होत राहते.

घटनास्थळी पोहोचल्यावर खरा शत्रू ठरते ते पाणीच. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि धातूचे पंपही त्यापुढे तडकतात. त्यामुळे थंड प्रदेशातील रस्त्याकडेच्या हायड्रंटची रचना निराळी असते. त्याची झडप जमीन गोठते त्या थराच्याही खाली बसवलेली असते. झडप बंद केली की वरच्या नळकांड्यातले पाणी तळाच्या छिद्रातून जमिनीत निघून जाते. हे छिद्र बुजले किंवा भूजल वर आले, तर पाणी आतच गोठते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी हायड्रंट निकामी ठरतो. तो बर्फाखाली सापडावा म्हणून त्यावर उंच काठी वा झेंडी लावतात. तरीही त्याच्याभोवतीचे बर्फ कोणी तरी उपसावेच लागते. ‘आपल्या दारातला हायड्रंट मोकळा ठेवा’ हे तिकडच्या दलांचे हिवाळ्यातील नित्याचे आर्जव आहे.

आग विझू लागली तरी नोझल पूर्ण बंद करता येत नाही. पाणी थोडे वाहते ठेवावे लागते, थांबले की पाइप गोठलाच. उडालेले तुषार शिडीवर, शिरस्त्राणावर, कोटावर बर्फ होऊन बसतात. कोटाचे बंद उघडत नाहीत आणि एकाने दुसऱ्याला अक्षरशः सोलून बाहेर काढावे लागते.

हिवाळ्यातील हाका केवळ आगीच्याही नसतात. भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली की घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराड्यांतील काजळी पेट घेते. रस्त्यांवर प्रवासी अडकतात. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात तर बंब आणि रुग्णवाहिकाच अडकून पडल्या. बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली.

या साहसाची किंमत शरीर मोजते. अमेरिकेत सेवेवर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत हृदयविकार हे प्रमुख कारण आहे. गोठवणारी हवा आणि अचानकचे श्रम ही जोडगोळी त्यात भर घालते. त्यातच हात कमी होत आहेत. १९८४ साली जवळजवळ नऊ लाख स्वयंसेवक होते. देशाची लोकसंख्या वाढली, ही संख्या घटली. नोकऱ्या गावापासून दूर गेल्या, प्रशिक्षणाचे तास वाढले आणि बंबामागे धावणाऱ्यांची वये चढत गेली.

आग विझल्यावरही सुटका नसते. गोठलेले पाइप लाकडासारखे ताठ होतात. गुंडाळू गेल्यास फाटतात. ते तसेच लांबच्या लांब ट्रकवर टाकून ठाण्यात आणावे लागतात. तेथे गरम सूप, कोरडे मोजे आणि हातमोजे घेऊन घरची मंडळी वाट पाहत असतात. पाइप वितळत पडलेले असतात, जमिनीवर पाण्याचे ओहोळ वाहतात आणि चेष्टामस्करी रंगते. घरी मात्र कोणी जात नाही. कोरडे पाइप बंबावर चढवून, पंपातले पाणी काढून, ऑक्सिजनचे नव्हे तर साध्या हवेचे सिलिंडर पुन्हा भरून झाल्याशिवाय दिवा मालवायचा नसतो. पेजर त्याच रात्री पुन्हा वाजू शकतो.