बालवाडीतल्या मुलाला टेक्नॉलॉजी शिकवायची म्हणजे नेमकं काय?

अंधेरी असो की मुलुंड, तीन वर्षांचं मूल मोबाइल उघडून स्वतः व्हिडिओ लावतं आणि घरचे कौतुकाने म्हणतात, 'त्याला सगळं येतं!' पण स्क्रीनवर बोट फिरवता येणं म्हणजे तंत्रज्ञान समजणं का?

किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. लॉकडाऊनमध्ये, जुलै २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारनेही पूर्व-प्राथमिकसाठी रोज फक्त ३० मिनिटं ठरवली होती. तीही पालकांशी संवाद आणि मार्गदर्शनासाठी.

मग शिकवायचं काय?

• क्रम: संगणकाला सूचना क्रमानेच द्याव्या लागतात. वॉशिंग मशीन लावताना मुलाला सोबत घ्या. आधी कपडे, मग पावडर, मग झाकण, शेवटी बटण. 'झाकण उघडंच राहिलं तर?' असं विचारा.

• कारण आणि परिणाम: लिफ्टचं बटण दाबलं की दिवा लागतो. पाच वेळा दाबलं तर लिफ्ट लवकर येते का? मुलालाच करून बघू द्या.

• खुणा ओळखणं: बोरिवली किंवा घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर दाखवा. गाडी धीमी की जलद, किती डब्यांची? यंत्र आपल्याला माहिती देतं, हे इथे कळतं.

• थांबणं: सगळ्यात अवघड कौशल्य हेच. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, म्हणून ऑटोप्ले बंद ठेवा. 'दोन गोष्टी बघायच्या' हे आधी ठरवा आणि मोबाइल मुलालाच बंद करू द्या.

• विचारणं: अनोळखी काही दिसलं किंवा भीती वाटली, तर मोठ्यांना दाखवायचं. दाखवल्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल लपवेल.

कोडिंगचा क्लास लावायचा का?

घाई नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवले आहेत. बालवाडीच्या वयात क्लास लावला नाही, म्हणून मूल मागे पडत नाही.

आई-बाबा दोघंही कामावर असतील तर?

संध्याकाळी लोकलने दमून घरी आल्यावर मुलाच्या हातात मोबाइल देणं सोपं वाटतं. रोज तास काढणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण लिफ्ट, मशीन आणि स्टेशन तर रोजचंच आहे. मोबाइलचा नियम मात्र आजी-आजोबांना आणि पाळणाघरातल्या मावशींनाही सांगा. प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम असेल, तर मूल कुठलाच पाळत नाही.