आकाशातली पडीक पट्टी



परवा देऊळघाटच्या शिवारात सोयाबीन पाहायला गेलो होतो. बांधावरच्या बाभळीखाली एक वयस्क गृहस्थ मोबाईल डोक्यावर धरून उभे होते. विचारले, तर म्हणाले, "काय सांगू साहेब, पीकपाहणी भरून राह्यलो. फोटू निघते, पण पुढे जात नाही. रेंज हाये तिकडे रस्त्यावर, अन् वावर हाये इकडे!"

मला जुने दिवस आठवले. टी.व्ही.साठी पोरगा छपरावर अँटेना फिरवायचा आणि ओरडायचा, "दिसलं काय?" खालून उत्तर यायचे, "मुंग्याच दिसतात!"

तेव्हा फार तर एक सिनेमा हुकायचा. आज तसे नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पेरा लागला नाही, तर हमीभावाच्या खरेदीत नाव नोंदवताना घोडे अडते. म्हणजे रेंज हीसुद्धा बी-खतासारखी गरजेची झाली.

मग अडचण कुठे आहे? ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच आजची भारतनेट. पण कालव्याचे पाणी गावाच्या वेशीपर्यंत आले म्हणून वावर भिजत नाही. त्याला पोटचारी लागते. पंचायतीपासून वस्तीपर्यंत तार ओढणे महाग, आणि वाय-फायच्या आखूड लहरी झाडाझुडपांत अडतात.

यावर मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वाट शोधली. टी.व्ही.साठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा त्यांनी तपासला. या पट्ट्याचे आठ-आठ मेगाहर्ट्झचे १५ वाफे पडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की देशात जवळजवळ सर्वत्र त्यांतले निदान १२ वाफे रिकामेच आहेत. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शननेही जुन्या पद्धतीची आपली बहुतेक प्रक्षेपण केंद्रे बंद केली.

या लहरी अर्ध्या मीटरहून थोड्या लांब असतात. त्यामुळे त्या झाडीतून वाट काढतात आणि दूरवर पोचतात. पालघर तालुक्यातील खामलोली व आसपास मिळून सात गावांत सरकारच्या प्रायोगिक परवान्याने हा प्रयोग झाला. 'ग्राममार्ग' नावाच्या या कामाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या वावरात पेरायचे कसे? बटाईने! मालकाच्या पडीक वाफ्यात आपण पीक घ्यायचे, पण मालकाचे औत आले की मुकाट्याने जागा सोडायची. ही वाटणी सांभाळायला तलाठ्याच्या दप्तरासारखी एक संगणकीय नोंदवही असते. यंत्र आधी आपला ठिकाणा सांगते आणि विचारते, "इथे कोणता वाफा मोकळा आहे?" उत्तर मिळाले की तेवढाच वापरते. म्हणून मूळ मालकाच्या प्रक्षेपणात मुंग्या येत नाहीत. इंग्रजीत यालाच डायनॅमिक स्पेक्ट्रम शेअरिंग म्हणतात. आपण त्याला लहरींची बटाई म्हणू.

पण मंडळी, प्रयोगाच्या वाफ्यातले पीक लगेच साऱ्या शिवारात येत नाही. या लहरी सरकारी परवान्याशिवाय कुणालाही वापरता येत नाहीत. म्हणून वाट पाहत बसू नका. तीन गोष्टी करा.

पहिली, भारतनेटची तार पंचायतीत आली आहे का आणि ती चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा. बंद असेल तर ठराव करून वर पाठवा. गप्प बसणाऱ्या गावाची अडचण वरच्यांना कळत नाही.

दुसरी, पीकपाहणी मुदतीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नका. अडलेच तर मुदतीच्या आत तलाठ्याला गाठा.

तिसरी, "तुमच्या वावरात मनोरा उभारतो, आधी पैसे भरा," असे कुणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. ही फसवणुकीची जुनीच रीत आहे.

त्या गृहस्थांचा फोटो शेवटी आम्ही दोघांनी रस्त्यावर जाऊन पाठवला. अर्धा कोस चालावे लागले. ती पायपीट वाचवणाऱ्या लहरींना वाट तर डोक्यावरूनच आहे. ती मोकळी करून मागणे आपल्या हाती आहे.