धडधाकट खेळाडूचे हृदय

एप्रिल २०१६. इंग्लंडमधील काउंटी क्रिकेटचा हंगाम नुकताच सुरू होत होता. केंब्रिजच्या मैदानावर सराव करताना नॉटिंगहॅमशायरच्या जेम्स टेलरची छाती आवळल्यासारखी झाली, हृदय बेफाम धडधडू लागले. विषाणूसंसर्ग असावा, असे सुरुवातीला वाटले. रुग्णालयातील तपासण्यांत निदान वेगळेच निघाले आणि वयाच्या २६ व्या वर्षी टेलरला क्रिकेट कायमचे सोडावे लागले.

लेस्टरशायरकडून कारकीर्द सुरू केलेला हा फलंदाज इंग्लंडकडून ७ कसोटी आणि २७ एकदिवसीय सामने खेळला होता. आदल्याच हंगामात त्याने ससेक्सविरुद्ध २९१ धावा काढल्या होत्या. व्यायाम, आहार, सराव यांत कसलीच कसर नव्हती. मग हृदय का बिघडले?

या आजाराला थोडक्यात ‘एआरव्हीसी’ म्हणतात. त्यात प्रामुख्याने हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातील स्नायूंची जागा हळूहळू चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. तिथे विद्युतसंदेश अडखळतात, ठोके बेताल होतात आणि कधी हृदय अचानक बंद पडते. आजार बहुधा आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांकडे सदोष जनुक असल्यास प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता साधारण ५० टक्के असते. ज्यांच्यात हा दोष आहे, त्यांचा आजार वर्षानुवर्षांच्या कठोर व्यायामाने लवकर बळावतो. म्हणून दमदार खेळाडूचे हृदय निरोगीच असते, असे गृहीत धरता येत नाही.

हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण मृत्यू टाळता येतो. टेलरच्या छातीत त्वचेखाली ‘आयसीडी’ हे छोटे यंत्र बसवले गेले. ते ठोक्यांवर सतत लक्ष ठेवते आणि घातक गती दिसताच शॉक देऊन ताल पूर्ववत करते. २०१८ मध्ये टेलर इंग्लंडच्या निवड समितीवर आला.

धावताना किंवा खेळताना भोवळ आली, तर ‘उपाशी होता’, ‘ऊन लागले’ असे म्हणून सोडून देऊ नये. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर अधिकच सावध राहावे. ईसीजी, इको आणि गरजेनुसार २४ तासांची ठोक्यांची नोंद किंवा एमआरआय करावा लागतो. एकच ईसीजी नॉर्मल आला म्हणून शंका फिटत नाही. निदान झाले, तर आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी व्हायला हवी. त्यांना कसलाही त्रास नसला, तरीही.