एकाच दिवशी सारं गाव

आमच्या वसतिगृहात खरूज झालेल्या मुलाची सतरंजी भिंतीकडे वेगळी टाकत. पाण्याचा पेलाही वेगळा. संध्याकाळी तो न्हाणीघरामागे उभा राहून बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती पिवळं गंधकाचं मलम चोळायचा. पंधरा दिवसांत बरा व्हायचा आणि महिनाभरात पुन्हा खाजवू लागायचा. ‘आंघोळच नीट करत नाही,’ असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचो.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. साध्या खरजेत अंगभर मिळून जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. खाज सुटते ती शरीराला त्यांचं वावडं असल्यामुळे, आणि पहिल्या खेपेला ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि कुशीत झोपणाऱ्याला किडा देत राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना खरूजग्रस्त सैनिकांचे कपडे आणि घोंगड्या वापरायला दिल्या. लागण फारच थोड्यांना झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून. आमच्या त्या वेगळ्या पेल्याचा रोगाशी काही संबंधच नव्हता.

पनामाच्या किनाऱ्यालगत सॅन ब्लास बेटांवर कुना लोक राहतात. बोरूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, आत टांगलेल्या झोळ्या आणि घराला घर लागून. तिथल्या ७५६ जणांच्या वस्तीत दर तिसऱ्या माणसाला खरूज होती. १९८० च्या दशकात डेव्हिड टॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाज असो वा नसो, सगळ्यांना परमेथ्रिनचं मलम लावलं. प्रमाण ३३ टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आलं. बाहेरून येणाऱ्या नव्या रुग्णांवर लक्ष ठेवलं, तोवर ते तीन वर्षांहून अधिक काळ तसंच राहिलं. एकदा तीन आठवडे देखरेख आणि औषध थांबलं, तर ते ३.६ टक्क्यांवर गेलं. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेनं पनामावर चढाई केली, काम विस्कटलं आणि तीन महिन्यांत खरूज १२ टक्क्यांवर पोचली. कुनांच्या आंघोळीत या तीन महिन्यांत काय फरक पडला असेल?

मलमाची अडचण वापरताना कळते. गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांतही ते लावायचं आणि आठ-दहा तास अंगावर ठेवायचं. दमट हवेत, भरल्या घरात, परक्यांसमोर हे सोपं नाही. फिजीमध्ये आयव्हरमेक्टिनच्या गोळीची परीक्षा झाली, तिचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटांवरच्या २,०५१ लोकांचे तीन गट केले. पहिल्यात नेहमीप्रमाणे फक्त रुग्ण आणि त्यांच्या निकटच्यांना मलम, दुसऱ्यात सगळ्यांना मलम, तिसऱ्यात सगळ्यांना गोळी. वर्षभरानं पहिल्या गटात खरूज ३६.६ वरून १८.८ टक्क्यांवर आली, दुसऱ्यात ४१.७ वरून १५.८ वर. गोळीच्या गटात ३२.१ वरून १.९ वर! गरोदर बाया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची बाळं यांना मात्र गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी मलमच. गोळीनं अंडी मरत नाहीत, म्हणून खरूज असलेल्यांना आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते.

एवढा खटाटोप नुसत्या खाजेसाठी का, असं विचारणाऱ्यांनी सॉलोमन बेटांवरची मुलं पाहावीत. खाजवलेल्या जागी जंतू शिरतात, गळवं होतात आणि त्यातल्या काही जंतूंपायी पुढं मूत्रपिंडाला सूज येते. तिथल्या खाडीतल्या पाच छोट्या बेटांवर गोळीनं खरूज हटली, तेव्हा मुलांच्या लघवीतून रक्त जाण्याचं प्रमाणही घटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. माझ्या मते फार उशिरा.

वसतिगृहातला तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचा, धाकट्या भावंडांच्या मधोमध झोपायचा आणि परत यायचा. मलमाची डबी त्याच्या एकट्याच्या ट्रंकेत असायची.